कोरडी खाज, ओली खाज आणि घरातला कडुनिंब

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर चिपळूणला. सासरे ७२ वर्षांचे, साखरेची गोळी चालू. दिवाळी झाल्यापासून त्यांच्या नडग्या, पाठ आणि कंबर रात्रभर खाजते, अंगावर पुरळ मात्र काही नाही. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने रोज कढत अंघोळ आणि साबणाऐवजी डाळीचं पीठ असा उपाय लावून दिला. महिना होत आला, खाज उलट वाढली. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला जांघेत गोल चट्टा आला होता. त्याने मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, आठवडाभर बरं वाटलं, आणि आता चट्टा पोटापर्यंत चढलाय. ताईंना दोघांनाही चालेल असा एखादा झाडपाल्याचा उपाय हवा आहे.

ताई, दोघांना चालेल असा पाला नाही. सासऱ्यांची खाज कोरडी आहे, मुलाची ओली. कोरड्या खाजेला स्निग्ध लागतं, ओल्या खाजेला कोरडं करणारं. तुमच्याकडे सासऱ्यांच्या कोरड्या अंगावर आणखी कोरडं करणारे तीन उपाय एकदम चालू आहेत: कढत पाणी, बेसन आणि कडुनिंब. एवढ्याने खाज वाढली नसती तरच नवल.

आधी सासऱ्यांचं. साठी उलटली की त्वचेतलं तेल कमी होत जातं. त्यात थंडीची कोरडी हवा. आहे तेवढं तेलही कढत पाण्याने धुऊन जातं आणि राहिलेलं तेल बेसन टिपून घेतं. त्यांची नडगी उजेडात नीट बघा. नखाने हलकी रेघ ओढलीत तर पांढरी उमटेल, आणि काही ठिकाणी आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा दिसतील. हे दिसलं की खाजेचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. कडुनिंब गुणांनी तिक्त आणि रूक्ष. जिथे पू आहे, चिकटपणा आहे, घाम साचून बुरशी धरली आहे तिथे तो कामाचा. भेगाळलेल्या नडगीवर तो झोंबतो.

कडुनिंबाने खाज जाते हे सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात खाज घालवणाऱ्या दहा द्रव्यांचा गण दिला आहे: चंदन, जटामांसी, बहावा, करंज, निंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद आणि नागरमोथा. यादी नुसती वाचली तरी कळतं की त्यात दोन जातींची औषधं आहेत. निंब, करंज, कुडा, दारुहळद, मोहरी ही खरवडून काढणारी, सुकवणारी. चंदन, ज्येष्ठमध, जटामांसी ही शमवणारी. आपल्या घरोघरी त्यातला एकटा निंब शिल्लक राहिला, कारण त्याचं झाड दारात असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दिवाळीच्या उटण्याचंही असंच झालंय. उटण्यात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा असतो, म्हणजे सगळी तेल टिपणारी द्रव्यं. म्हणून अभ्यंगस्नानात आधी अंगभर तेल जिरवायचं आणि वरचं जास्तीचं तेल उटण्याने काढायचं असा क्रम आहे. थंडी सुरू होताना अंगात तेल मुरवणं हा त्यातला मुख्य भाग. आता पाकिटातलं उटणं राहिलं, तेल बोटभर कपाळाला लावलं की झालं. मग भाऊबीज होते न होते तोच दवाखान्यात खाजेचे रुग्ण येऊ लागतात.

सासऱ्यांसाठी करायचं ते असं. अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत उरकायची. साबण किंवा पीठ फक्त काखा, जांघा आणि तळपायांना. पाठीला आणि नडग्यांना नुसतं पाणी पुरे. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग अजून ओलसर असताना, तीन-चार मिनिटांच्या आत, घाण्याचं खोबरेल लावायचं. दोन्ही पाय, पाठ आणि कंबर मिळून चहाचे दोन-तीन चमचे लागतात. सुकलेल्या अंगावर तेल लावलं तर ते वरवर चकाकतं. ओलसर अंगावर लावलं की आतलं पाणी धरून ठेवतं, आणि खाज थांबते ती त्या पाण्याने. झोपताना पुन्हा एकदा नडग्यांना लावा. पहाटेच्या गारठ्यात खोबरेल थिजलं तर बाटली कोमट पाण्यात धरा, गॅसवर नको.

एक सावधगिरी, जी औषधापेक्षा महत्त्वाची आहे. तेल मोरीत लावू नका. ७२ वर्षांचा माणूस तेलकट पायाने फरशीवर घसरला की खाज बाजूला राहते आणि खुब्याचं हाड पुढे येतं. बाहेर स्टुलावर बसवून लावा, वर सुती मोजे घाला. साखर असल्यामुळे त्याच वेळी तळपाय आणि बोटांच्या बेचक्यांवर नजर टाका. बेचक्यात तेल नको, तिथे कोरडंच हवं. कढत पाण्याचा शेक अजिबात नको. साखरेने पायाची जाणीव मंदावलेली असेल तर भाजलेलं कळतही नाही.

तुम्ही कोकणात आहात, तेव्हा भिरंडेल मिळायला अडचण नाही. कोकमाच्या बियांतून निघणारं हे तेल घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं. टाचांच्या भेगांना ते सगळ्यांना माहीत आहे, पण नडग्यांनाही छान लागतं. चार भाग खोबरेल आणि एक भाग भिरंडेल मंद आचेवर एकत्र वितळवून ठेवा. नुसतं खोबरेल कपड्याला पुसलं जातं, हे मिश्रण अंगावर टिकतं.

यापेक्षा सरस गोष्ट म्हणजे शतधौत घृत, शंभर वेळा धुतलेलं तूप. ते घरी होतं, फक्त दुपार रिकामी हवी. तांब्याची परात घ्यायची, त्यात पावशेर गाईचं तूप घालायचं, त्यावर तांब्याभर गार पाणी ओतायचं आणि तळहाताने किंवा पितळी पेल्याच्या बुडाने गोल गोल घोटायचं. दोन-तीन मिनिटांनी पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं. पहिली दहा-वीस पाणी तूप जुमानत नाही, रवाळ राहतं, परातभर पळतं. मग हळूहळू पिवळा रंग उतरतो, तूप पाणी आत घ्यायला लागतं, फुगतं. पुढे पुढे परातीतलं तूप लोण्यासारखं पांढरं होतं आणि तुपाचा वासही जवळजवळ जातो. शेवटी बोटावर घेतलं तर तेलकट न लागता गार लागतं. तांब्याचीच परात हवी का, शंभरऐवजी साठ वेळा धुतलं तर चालेल का, असं लोक विचारतात. परंपरा तांब्याची आहे, माझ्याकडेही तीच आहे. पण स्टीलच्या परातीत केलेलं तूपही खाजेवर कामी येतं, आणि हात दुखायला लागल्यावर कोणी नव्वदीला थांबलं तर मी त्याला परत बसवत नाही. त्यात टिकवण्याचं काही नसल्यामुळे लहान डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्याने काढा. खवट वास आला की फेका. जिथे खाजवून खाजवून जागा लाल झाली आहे, आग होते आहे, तिथे हे लावा. पाणी सुटणाऱ्या, चिघळलेल्या जागी नको.

कोरफडीचंही विचारतात. गर थंडावा देतो, पण घाईने लावला तर तोच खाज आणतो. पान कापल्यावर बुडाकडून पिवळा कडू चीक गळतो, तो त्वचेला चावतो. पान कापून पंधरा मिनिटं उभं करून ठेवा, चीक गळू द्या, धुवा, मग साल काढून आतला पारदर्शक गर घ्या. तरीही कोरड्या त्वचेवर गर सुकला की ताण बसतो, म्हणून वर तेल हवंच.

एवढं नेमाने दोन आठवडे करा. फरक पडला तर थंडी सरेपर्यंत चालू ठेवा. नाही पडला तर पाला बदलत बसू नका, रक्त तपासा. पुरळ नसताना सर्वांगाला खाज येते तेव्हा ती मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, रक्तातलं लोह किंवा वाढलेली साखर यांच्यापैकी कशाचीही खूण असू शकते. सासऱ्यांच्या वयात मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, थायरॉईडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची साखर एवढं बघून घ्यावं. एखादी नवी गोळी गेल्या काही महिन्यांत सुरू झाली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. वजन उतरत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर दोन आठवडेही थांबू नका.

आता चिरंजीव. गोल चट्टा, कडेने लाल आणि उंचावलेला, मधे निवळलेला, घाम आला की खाज वाढते: हे गजकर्ण, म्हणजे बुरशी. मेडिकलमधून न विचारता मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत जहाल स्टेरॉईड घातलेलं असतं. स्टेरॉईड लाली आणि खाज दोन दिवसांत दाबतं, म्हणून माणूस खूश. पण त्याच वेळी ते त्वचेची बुरशीशी लढायची ताकदही दाबतं. बुरशी आतून पसरत राहते, ट्यूब थांबवली की भडकून वर येते, मग पुन्हा ट्यूब. जांघेची कातडी पातळ. तिथे असं महिनोन्‌महिने चाललं तर पोटावर बाळंतपणानंतर येतात तसे वळ उमटतात आणि ते पुढे जात नाहीत. तुमच्या मुलाचा चट्टा पोटापर्यंत चढला तो याच वाटेने.

मी वैद्य असूनही इथे पहिला सल्ला त्वचारोगतज्ज्ञाचा देतो. अलीकडे आपल्याकडे गजकर्ण फार चिवट झालंय, नेहमीच्या औषधांनाही लवकर दाद देत नाही. नुसत्या बुरशीविरोधी औषधाचं मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे. इतक्या पसरलेल्या चट्ट्याला बहुधा पोटातली गोळीही लागेल. ती किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. ट्यूब बंद केल्यावर चार-आठ दिवस खाज उसळेल. ती धीराने काढायची, पुन्हा ट्यूबकडे वळायचं नाही.

टाकळा मी वापरतो, पण कुठे ते सांगतो. पहिल्या पावसात रानभर उगवतो, ज्याची आपण कोवळ्या पानांची भाजी करतो, तोच. संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण. बी ताकात रात्रभर भिजवून सकाळी गंधासारखी वाटायची आणि चट्ट्यावर लेप द्यायचा, सुकला की धुवायचा. दंडावर किंवा पोटरीवर नवा, रुपयाएवढा एकच चट्टा असेल, ट्यूब अजून लागली नसेल, तर हे करून बघायला हरकत नाही. चरकात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय सगळा अशा लेपांचाच आहे आणि त्याला नाव बहाव्यावरून पडलंय, आरग्वधीय. पण जांघेत लेप नको. तिथे घर्षण असतं, घाम असतो, लेपाचे सुकलेले कण कातडी सोलतात आणि ओली जागा चिघळते. लिंबू, लसूण, व्हिनेगर, रॉकेल हे उपायही मुलं मोबाईलवर बघून करतात. लसणाने चक्क भाजतं. लिंबू लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात, आणि ते महिनोन्‌महिने राहतात.

मुलाच्या बाबतीत कडुनिंबाचं पाणी चालेल. पाला दहा मिनिटं उकळा, गाळा, कोमट करा आणि अंघोळीच्या शेवटी जांघेवरून सोडा. मुख्य औषध ते नव्हे, सोबतीचं आहे. त्यानंतर जागा पूर्ण कोरडी करायची. जीन्स बंद, सैल सुती कपडे, टॉवेल स्वतंत्र. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, आणि ऊन नसेल तेव्हा शिवणीवरून कडक इस्त्री फिरवायची. कोकणातल्या पावसाळ्यात दमट कपडे अंगावर चढवणं हे गजकर्ण परत परत येण्याचं मोठं कारण आहे. घरात आणखी कुणाला चट्टा असेल तर त्यालाही त्याच वेळी औषध, नाहीतर ते घरभर फिरत राहतं.

तुम्ही विचारलं नाही, पण खरजेचं सांगून ठेवतो, कारण ती ओळखायला लोक चुकतात. खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम: ही खरूज, कातडीत बिळं करणाऱ्या किड्याची. तिच्यावर कडुनिंब आणि हळदीचा लेप हा जुना उपाय आहे. १९९२ साली दक्षिण भारतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ८१४ जणांना हा लेप दिला आणि ९७ टक्के लोक ३ ते १५ दिवसांत बरे झाले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्या एकट्या आकड्यावर मी भिस्त ठेवत नाही. त्यापेक्षा खरजेचे किडे मारणारं ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यापर्यंत रात्री लावून सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. कपडे-चादरी गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून चार दिवस बाजूला. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यासाठी मलम पुन्हा पुन्हा लावू नका, तिथे खोबरेल पुरतं.

अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा आमसूल पाण्यात कुस्करून ते पाणी लावायची आपली रीत आहे. गार लागतं, खाज तेवढ्यापुरती बसते, अपाय नाही. गांधी काही तासांत आपोआप जागा बदलतात आणि विरतात, त्यामुळे श्रेय आमसुलाला मिळतं. रोज उठत असतील तर डॉक्टर. ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, आवाज बसला, दम लागला तर आमसूल शोधत बसायचं नाही, गाडी काढायची.

झाडांनीच आलेली खाज हा कोकणातला वेगळाच विषय. काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याचा चीक आणि बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली. काटा मोडला म्हणून बिब्बा लावतात आणि तो उततो, फोड येतात, कधी चेहऱ्यापर्यंत सूज जाते. असं झालं की लगेच साबण-पाण्याने धुवा, मग खोबरेल. फोड आले तर डॉक्टर, त्यावर दुसरा पाला नको. काजू सोलणाऱ्या बायका हाताला आधी तेल किंवा राख लावून बसतात ती यासाठीच. खाजकुयलीची कुसं लागली तर चोळू नका आणि धावत अंघोळीलाही जाऊ नका. भिजवलेल्या कणकेचा गोळा त्या जागेवर दाबून उचला, किंवा चिकटपट्टी लावून ओढा; कुसं निघून आली की मग धुवा. घाटावर हीच जागा गाजर गवताने घेतली आहे. पुण्यात ते १९५० च्या दशकाच्या मध्यात प्रथम नोंदलं गेलं आणि पुढे रानोमाळ पसरलं. शेतात राबणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान, कोपरांचे सांधे खाजत-जाड होत असतील तर त्याची शंका घ्या. त्या माणसाला झेंडूचा किंवा शेवंतीचा पाला चोळायला देऊ नका; तीही त्याच कुळातली, खाज वाढण्याचा धोका असतो.

आणखी तीन गोष्टी, ज्यांत ढिलाई चालत नाही. कडुनिंबाचं तेल पोटात घ्यायचं नाही, आणि लहान मुलांना तर थेंबही नाही. त्याने मुलांना झटके आल्याच्या, बेशुद्ध झाल्याच्या नोंदी आहेत. बावचीचं तेल खाजेला म्हणून स्वतःच्या मनाने लावू नका. त्यावर ऊन पडलं की कातडी भाजून निघते. कोडावर ते देतात तेही मोजूनमापून. आणि घरात कुणी गरोदर बाई असेल, शेवटच्या महिन्यांत रात्री तळहात-तळपाय खाजायला लागले, पुरळ नाही, तर ती खाज यकृताची असू शकते आणि बाळाला धोका असतो. दुसऱ्या दिवशीच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून यकृताची तपासणी करून घ्यावी.

कुठलाही नवा लेप किंवा तेल, अगदी करंजाचंही, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबा. आग झाली, लाल झालं तर तो उपाय तुमच्यासाठी नाही.

तर आज संध्याकाळपासून सासऱ्यांचं अंगभर बेसन, कडुनिंबाचं पाणी आणि कढत अंघोळ बंद, खोबरेल सुरू. मुलाची ट्यूब बंद करा, पण फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना खोक्यासकट सोबत न्या. तिच्यात काय काय होतं आणि किती दिवस लावली, हे त्यांना पहिल्यांदा बघायचं असतं.